दुसऱ्याच्या नावाचं ब्लडप्रेशर

समोरच्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत रक्त आहे की नाही ते बघितल्याशिवाय त्याच्याशी एक शब्द बोलता येत नाही, असं मानणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीने माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून खाकी शर्टातले एक जाडसर गृहस्थ उठले, माझ्या हातातला कप काढून घेऊन टेबलावर ठेवला, अंगठ्याने माझी पापणी खाली ओढली आणि म्हणाले, "झोप कशी लागते?" मी म्हणालो, "बरी लागते." "बरी म्हणजे काय? मध्ये जाग येते का?" मी म्हणालो, "नाही." मग त्यांनी माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "होऊन जाऊ द्या." पगार किती, घर भाड्याचं की स्वतःचं, हे प्रश्न त्या घरात कुणी विचारलेच नाहीत. ते घड्याळ बंद होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

लग्नानंतर आणखी एक गोष्ट कळली ती अशी की हे मामा माझ्याच नगरपालिकेत नोकरीला होते. मी भाईंदरला मुख्य कचेरीत, आस्थापना विभागात. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, बदल्या सांभाळणारा कारकून. मामा हाटकेशच्या बाजूला जकात नाक्यावर कारकून. शहरात माल घेऊन येणाऱ्या गाडीने तिथे थांबायचं, मामांनी मालाची जकात घ्यायची, पावती फाडायची आणि नाक्यावरच्या शिपायाने आडवा बांबू वर करायचा, एवढंच ते काम. पण मामांच्या नाक्यावर गाडी नुसती जकात भरून सुटत नसे. "जीभ दाखव," असं ते ड्रायव्हरला सांगत. लांबून आलेला, दोन रात्री जागलेला ड्रायव्हर सरकारी काम म्हणून निमूटपणे जीभ बाहेर काढी. जीभ पांढरी असली की मामा ड्रॉवरमधून ओव्याची पुडी काढत. "गरम पानी के साथ लेना. और रात को केला मत खाना, समझा?" एक उत्तरेकडचा ड्रायव्हर तर इतका सवयीचा झाला होता की बांबूपाशी गाडी थांबवली की आधी खिडकीतून जीभ बाहेर काढायचा आणि मग मालाचे कागद. पुढच्या नाक्यावर त्याने तसंच केलं तेव्हा तिथल्या कारकुनाला तो अपमान वाटला आणि बरीच बाचाबाची झाली, अशी तक्रार माझ्या टेबलावर आली होती.

नात्यामुळे माझी मोठीच पंचाईत होई. हुद्द्याने आम्ही जवळपास सारखे, वयाने ते वडिलांच्या जागी आणि नात्याने मी जावई. ते कचेरीत जमलेल्या जकातीचा भरणा करायला आले की भर हॉलमध्ये, कर विभागापासून आवक-जावकपर्यंत ऐकू जाईल अशी "जावईबापू!" म्हणून हाक मारत. मी मान खाली घाली. मग भरणा होईपर्यंतच्या वेळात मामांची फेरी निघे. पाणी विभागातल्या माणसाच्या गुडघेदुखीचं काय झालं, टायपिस्टबाईंना अजून उजव्या कुशीवर झोपवत नाही का, दाखल्यांच्या खिडकीवरचा दमेकरी रात्री उशा किती घेतो, ही सगळी चौकशी आटपून, दोन-चार पापण्या ओढून ते नाक्यावर परत जात. दुपारी कुणी डबा खात असला तर त्याच्या डब्यात डोकावून "एवढंच?" म्हणून विचारत. या एका शब्दाने लोक वैतागत, पण मामा आठवडाभर दिसले नाहीत की तेच लोक माझ्यापाशी येऊन "तुमचे मामा बरे आहेत ना?" असं विचारून जात.

आता खरं म्हणजे हा प्रश्न मामांना कुणी विचारला तर ते चिडत. "मला काय झालंय? रत्नागिरीच्या मातीतला आहे मी." आयुष्यात ते डॉक्टरकडे गेले ते दुसऱ्याला घेऊनच. स्वतः जेवताना ताटात मिठाची छोटी रास वेगळी असायची. लोणच्याची फोड मिठात बुडवून खाणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. मामी कधी काही बोलल्या तर ते म्हणत, "मीठ आणि माणूस अंगाला लागलेले बरे." या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण ते म्हणत अशा थाटात की पुढे बोलायची कुणाची छाती होत नसे.

मग ते दिवस आले. नव्वदीतले दिवस होते. हाटकेशला पत्र्याचे, भांड्यांचे, पॉलिशचे छोटे छोटे कारखाने होते, ते एकेक करून बंद पडायला लागले. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारचा भोंगा गेला, मग दारांना कुलपं लागली. कारखान्यांत माल येईना, म्हणजे नाक्यावर गाडी येईना, म्हणजे जकात येईना. आणि आमचे पगार बहुतांशी त्या जकातीवर चालायचे. एका महिन्यात पगार लांबला. पुढच्या महिन्यात अर्धा झाला. बाहेरच्या लोकांना वाटायचं, यांची सरकारी नोकरी, यांना कसली मंदी? त्यांना काय सांगणार? वाण्याच्या दुकानावरून जाताना आमची माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली होती. कचेरीत आवाज चढायला लागले. वर्षानुवर्षं एका बाकावर डबा खाणारे दोघे पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून एकमेकांच्या अंगावर धावले. टायपिस्टबाई टाइप करता करता एकदम रडायला लागायच्या आणि विचारलं तर "काही नाही, डोळ्यात गेलं" म्हणायच्या. दाखल्यांच्या खिडकीवरचा दमेकरी एका सकाळी खुर्चीतून कलंडलाच. पाण्याच्या टाकीवरचा एकजण जिन्यात बसला तो उठेना. आणि या सगळ्याच्या वर एक शब्द फिरत होता, कुणी मोठ्याने न बोलता: यादी. रोजंदारीवाल्यांना कमी करणार. यादी तयार होतेय. यादी आस्थापनेत आहे.

आस्थापनेत म्हणजे माझ्याकडे. मी शपथेवर सांगतो, मला कसल्याही यादीची काडीइतकी माहिती नव्हती. पण मी कपाट उघडलं की हॉल शांत व्हायचा. मी चहाला उठलो की माझ्याबरोबर चौघं उठायची. इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नाही, आणि इतकी भीती कधी कुणाला माझी वाटली नाही.

मामांची फेरी आता रोज निघायला लागली. नाक्यावर कामच नव्हतं. त्यांच्याबरोबर शिपाई म्हणून सुखदेव होता. परभणीकडचा, चाळिशीचा, उंच आणि गप्प माणूस. कितीतरी वर्षं रोजंदारीवर. कायम होण्याचा कागद दरवेळी कुठेतरी अडलेला. बायको, तीन मुलं आणि म्हातारी आई एका खोलीत. यादी आली तर सुखदेव तिच्यात पहिल्या पानावर असणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला सगळ्यात जास्त. तरी तो रोज वेळेवर यायचा, दाढी करून, आणि नसलेल्या गाड्यांसाठी बांबूपाशी उभा राहायचा. एक दिवस तो उभ्या उभ्या खाली आला. मामांनी त्याला आत ओढून नेलं, तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, पापण्या बघितल्या आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं, "काही नाही, केळीच्या सालीवरून घसरला." नाक्यावर केळी मामांनीच बंद केलेली होती, पण कुणी उलट विचारलं नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात नोटीस लागली: सर्व कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी, कचेरीच्या सभागृहात, बाहेरचे डॉक्टर येणार, उपस्थिती आवश्यक. नोटिशीखाली सही मुख्याधिकाऱ्यांची आणि पाठवणारा विभाग आस्थापना.

दुपारपर्यंत सगळ्या नगरपालिकेला अर्थ लागला होता. जो नापास होईल तो यादीत! नाहीतर पगाराचे वांधे असताना डॉक्टर कशाला बोलावतील? इतका सरळ हिशेब होता की क्षणभर मलाही तो पटला. संध्याकाळी मामा घरी आले. चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"जावईबापू, घरातलं माणूस म्हणून विचारतोय. यादी आहे ना?"

"मामा, मला खरंच माहीत नाही."

"म्हणजे आहे." ते खाली बसले. "माहीत नाही असं तुम्ही कधीच म्हणत नाही. नसती तर नाही म्हणाला असता."

"अहो, तपासणी आहे ती. साधी तपासणी. मुख्याधिकारीच म्हणाले, माणसं आजारी पडताहेत, बघून घेऊ."

"साहेब म्हणाले!" मामा माझ्या बायकोकडे वळले. "बघ गं, तुझा नवरा किती भोळा आहे. मी पापणी बघितली होती, डोकं बघायचं राहिलं."

मग ते गंभीर झाले. सुखदेव दुसऱ्यांदा पडला होता, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. त्याचे हात थरथरतात, उठला की डोळ्यापुढे अंधारी येते. "तो त्या खुर्चीवर बसला की गेला. डॉक्टरला बोट लावायचीही गरज नाही, लांबून कळेल. आणि कायम माणूस आजारी निघाला तर रजेवर जातो. रोजंदारीवाला आजारी निघाला तर घरी जातो. हे तुम्हीच मला शिकवलंत." ते मी खरंच शिकवलं होतं.

पुढचे चार-पाच दिवस हाटकेशच्या नाक्यावर शिकवणी चालली. नाक्यांवरचे सगळे आणि कचेरीतलेही काही लोक ड्युटी संपली की तिकडे जमायचे. मामांनी सगळ्यांचं मीठ बंद केलं. दुधी किसून त्याचा रस काढला जाई आणि एकेकाला तो नाक धरून प्यावा लागे. मग सगळ्यांनी जमिनीवर उताणं पडून मेल्यासारखं स्वस्थ राहायचं आणि मामा मधून फिरत सांगायचे, "पगाराचा विचार करायचा नाही. यादीचा विचार करायचा नाही. वाण्याचा विचार करायचा नाही." इतकी नावं घेतल्यावर कोण कशाचा विचार करणार नाही? रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत, एवढे लोक कशाने गेले म्हणून. दमेकऱ्याला मामांनी शिकवलं, डॉक्टर छातीला नळी लावतील तेव्हा आधीच श्वास भरून ठेव आणि हळूहळू सोड. सुखदेव सगळं सांगितल्याप्रमाणे करायचा. पण पडून राहिल्यावर त्याला उठायला दोघं लागायचे. शेवटच्या दिवशी मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

तपासणीच्या दिवशी सभागृहात टेबलं लावली होती. दारापाशी माझं टेबल: येणाऱ्याचं नाव, विभाग, वय लिहून कागद त्याच्या हातात द्यायचा, तो त्याने आत डॉक्टरांकडे न्यायचा. आत दोन डॉक्टर होते, त्यातल्या एक डॉक्टरबाई, गोऱ्यापान आणि फार थकलेल्या. एरवी केबिनबाहेर न पडणारे मुख्याधिकारी स्वतः खिडकीपाशी उभे होते. त्यांना तिथे बघून रांगेचा उरलासुरला धीरही गेला. अशी रांग मी पुन्हा बघितली नाही. प्रत्येकजण हसत होता. गुडघेदुखीवाला ताठ चालत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. राई गावची झाडूवाली बाई तर मी नाव विचारायच्या आधीच ओरडली, "मना काय न्हाय झालेला! मी धड हाय! लिवा तसा!"

आणि मग माझ्यापुढे एक माणूस आला. केस काळेभोर, इतके काळे की कानांच्या पाळ्यांना आणि मानेलाही काळा रंग लागलेला. मी मान वर केली. मामा होते. मी "मा..." एवढंच म्हणालो.

"सुखदेव," ते ओळख नसल्यासारखे म्हणाले, आणि पुढे त्याचं आडनावही सांगितलं. "जकात विभाग. रोजंदारी. वय चाळीस."

माझा पेन थांबला. त्यांच्या मागे रांग होती आणि चार हातांवर साहेब होते. मी मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्याच लग्नातली त्यांची नजर आठवली. मुलगी सोपवताना होती ती. मी लिहिलं. कागद घेताना ते वाकून हळूच म्हणाले, "माझ्या नावाने मी नंतर येतो. मला काय होतंय?"

त्यांचा बेत सरळ होता. त्यांच्यासारखा ठणठणीत माणूस सुखदेवच्या नावावर पास होणार, सुखदेव वाचणार. खरा सुखदेव सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज होती की आशा, ते मला तिथून कळत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कागद बघितला, मामांकडे बघितलं. "वय चाळीस?"

"उन्हात उभं राहून झालंय असं," मामा म्हणाले.

त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. कपाळाला आठी पडली. पुन्हा भरली. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मामा त्यांना समजावत होते, "बाई, यंत्र जरा हलवून बघा, नवं दिसतंय." डॉक्टरबाईंनी दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी बघितलं. दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलले. मग डॉक्टरबाई साहेबांकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "सर, हे सुखदेव. यांचं प्रेशर इतकं आहे की हे चालत इथपर्यंत कसे आले मला कळत नाही. यांना नाक्यावर वगैरे अजिबात उभं करू नका. आजपासून काम बंद. आत्ता हॉस्पिटलमध्ये."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या, कारण खरा सुखदेव कोण हे त्या दोन डॉक्टरांना आणि साहेबांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. तो भिंतीवरून सरकत खाली बसला. काम बंद. त्याचं नाव घेऊन, साहेबांच्या समोर.

मामांनी आधी घासाघीस करून बघितली. "पुन्हा बघा. मी श्वास धरला होता. मी आज लोणचं खाल्लंय." त्यांचा आवाज चढत होता आणि मानेवरून काळा घाम ओघळत होता. मला वाटलं, आता हे पडतात. मग त्यांनी मागे, भिंतीपाशी बसलेल्या सुखदेवकडे बघितलं. दंडाचा पट्टा तसाच होता. ते उभे राहिले.

"बाई, ते नाव खोडा," ते म्हणाले. "ब्लडप्रेशर माझं आहे. त्याचं नाही. साहेब, मी सुखदेव नाही. तो तिथे बसलाय तो सुखदेव. त्याला यातलं काही माहीत नाही, मी जबरदस्ती केली. मला काढायचं तर मला काढा. पण हे प्रेशर त्याच्या नावावर लावू नका, पाया पडतो तुमच्या."

आणि ते खरंच वाकायला लागले. डॉक्टरबाईंनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं. मी टेबल सोडून धावलो होतो. साहेबांनी विचारलं, "काढायचं? कुणाला काढायचं?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला.

डॉक्टरबाईंनी सुखदेवला बोलावलं. दोघांनी धरून त्याला आणलं. त्यांनी त्याचं प्रेशर बघितलं, डोळे बघितले. मामांसारखीच पापणी ओढून. मामा खुर्चीतून मान लांब करून तेच बघत होते. "सकाळी काय खाल्लं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चहा घेतलाय."

"काल रात्री?"

सुखदेव जमिनीकडे बघत होता. "पोरं जेवली की, बाई. मला भूकच नव्हती."

"किती दिवस भूक नाही?"

डॉक्टरबाईंनी पट्टा सोडला, घडी घातली. "यांना आजार नाही," त्या म्हणाल्या, आता हळू आवाजात. "यांना जेवण नाही." मग त्या रांगेकडे वळल्या आणि चिडून म्हणाल्या, "तुमच्यातली माणसं चक्कर येऊन पडताहेत म्हणून आम्हाला बोलावलंय. कुणाला काढायला नाही. आणि तुम्ही सगळे हसताय काय मघापासून?"

आधी दमेकरी खोकला. बिचाऱ्याने किती वेळ श्वास कोंडला होता कोण जाणे. मग गुडघेदुखीवाला खाली बसला आणि पाय पसरले. टायपिस्टबाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "माझं पुन्हा लिहा. मला झोप येत नाही. मला दोन महिने झोप आलेली नाही." राईची बाई म्हणाली, "माजा पन. माजे छातीन धडधड होते." मी नवे कागद काढले. त्या दुपारी आमच्या नगरपालिकेने पहिल्यांदा खरं सांगितलं, आणि ते लिहिताना मला कितीदा थांबावं लागलं. मामांना नेणारी गाडी तोपर्यंत गेली होती. जाताना स्ट्रेचरवरून त्यांनी कर विभागातल्या एकाला सांगितलं होतं, "सुखदेवला आधी पेज द्या. एकदम भाकरी नको."

मामा वाचले, पण महिन्याभराने अर्धांगवायूने डावा हात आणि पाय गेले. नोकरी संपली. घरी खाटेवर पडून ते मामींनी केलेलं अळणी जेवण जेवत आणि सांगत, "या घरात सगळ्यात आजारी माणूस म्हणजे हे वरण." साहेबांनी तोतयेगिरीचं प्रकरण कागदावर येऊच दिलं नाही, एवढं त्यांचं मी मानतो. कचेरीत त्यानंतर डबे एकत्र खायची पद्धत पडली. ज्याच्या डब्यात नसेल त्याला विचारायचं नाही, नुसतं वाढायचं. पण कारखाने काही उघडले नाहीत. पुढच्या वर्षी हाटकेशचा नाका बंद झाला आणि यादी खरोखरच आली. ती आली तेव्हा तिला डॉक्टर लागला नाही, कुणाची नाडी लागली नाही. सुखदेव तिच्यात होता. तो कागद टाइप होऊन माझ्याच टेबलावरून गेला. त्या रात्री मी जेवलो नाही आणि बायकोनेही आग्रह केला नाही.

मामांना सांगायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. डॉक्टरांची सक्त ताकीद होती, धक्का बसता कामा नये. सुखदेवने तर ती आपली जबाबदारीच मानली. रोजंदारीवाल्यांना गणवेश मिळत नसे. त्याने फार पूर्वी स्वतःच कापड घेऊन खाकी शर्ट-पँट शिवली होती. दर रविवारी दुपारी तो ती कडक इस्त्रीची खाकी घालून मामांकडे यायचा. एरवी गप्प असणारा माणूस खाटेशी बसून नाक्याच्या बातम्या सांगायचा. "मामा, गाड्या पुन्हा चालू झाल्यात बरं का. परवा पत्र्याचे दोन ट्रक एकामागं एक. तो जीभ दाखवणारा आला होता, तुमची याद काढत होता." मामा डोळे मिटून ऐकायचे. मधेच विचारायचे, "पावती नीट फाडतो का नवा कारकून?" सुखदेव म्हणायचा, "तुमच्यावानी नाही, पण फाडतो." मग मामी ताटं वाढायच्या. सुखदेव आढेवेढे घ्यायचा, मामा ओरडायचे, "पुढची बातमी जेवता जेवता सांग," आणि तो जेवायचा. मी समोर बसून हे बघायचो.

एका रविवारी तो गेल्यावर मी दार लावून आलो तर मामा माझ्याकडे बघत होते.

"जावईबापू, त्याला कधी काढलं?"

मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. त्यांनी चांगला हात वर करून मला थांबवलं. "दोन ट्रक पत्र्याचे! इथे पडल्या पडल्या मला हाटकेशचा उरलेला सकाळचा भोंगा ऐकू यायचा. वर्ष झालं, ऐकू येत नाही. मी काय वेडा आहे?"

"मग त्याला बोलला का नाहीत?"

"बोललो तर तो पुढच्या रविवारी येईल का? आणि आला तरी जेवेल का? बातम्या आणतो म्हणून जेवतो. ते त्याचं काम आहे असं त्याला वाटतं. फुकट तो माझ्या ताटाला शिवणार नाही." त्यांनी चांगल्या हाताने पांघरूण सारखं केलं. "पापण्या बघितल्या मी त्याच्या आज. जरा लाली आलीय. तुम्ही काही बोलू नका."

मी बोललो नाही. ते रविवार दीडेक वर्ष चालले. मामांच्या मनातल्या हाटकेशला त्या काळात किती कारखाने उघडले असतील देव जाणे. मग एका पहाटे मामा झोपेतच गेले. आयुष्यभर सगळ्यांना झोप कशी लागते म्हणून विचारणाऱ्या माणसाला ती तेवढी चांगली लागली, असं मामी म्हणाल्या आणि मग त्यांना रडू आवरेना.

तेराव्याला कचेरीतले झाडून सगळे आले होते. पंगत बसली तेव्हा सुखदेव दारात दिसला. अंगात जुना चौकड्यांचा शर्ट होता. मी त्याला हाताला धरून माझ्या शेजारी बसवला. पान वाढून झालं तरी तो हात मांडीवर ठेवून बसून होता. मग माझ्याकडे न बघता त्याने हळूच विचारलं, "साहेब, मामांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "काहीसुद्धा कळलं नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि वरणभात कालवायला घेतला.